नाव कोणाचे, माल कोणाचा, जकात कोणाची?

तापी आणि गोमाईच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे क्षेत्र उभ्या खानदेशात दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. काशीची यात्रा करून आलेल्या भाविकाने प्रकाशाला येऊन केदारेश्वराचे दर्शन घेतल्यावाचून ती यात्रा पुरी होत नाही, अशी या भागातील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. या क्षेत्राच्या पलीकडे आणि अलीकडे, शहादा-तळोद्याच्या काळ्या शिवारात, कापूस पिकतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेला खेडा खरेदीचे काटे लागतात, आणि त्या काट्यावर उभा असलेला शेतकरी आपल्या कापसाचा भाव कोणी आणि कुठे ठरवला, याचा विचार करीत असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये या शेतकऱ्याच्या कानावर एक वार्ता आली. केंद्र सरकारने विदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केले, आणि पुढे दहा दिवसांच्या आतच ही सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या वेळी शेतात पीक उभे होते. बोंडे फुटायची होती. चावडीवर आणि पानाच्या टपरीवर जी चर्चा झाली तिच्यात एक साधा प्रश्न वारंवार विचारला गेला: हे शुल्क आजवर भरत होते तरी कोण? कोणी म्हणाले, अमेरिकेचा आणि ब्राझीलचा व्यापारी भरीत होता, त्याला आपण मोकळे केले. कोणी म्हणाले, गिरणीवाला भरीत होता. तिसऱ्याचे म्हणणे असे, की भरीत कोणीही असो, शेवटी आपल्याच अंगावर येते. या तिघांपैकी पहिल्याचे उत्तर कायद्याने चूक आहे, दुसऱ्याचे बरोबर आहे, आणि तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही कायद्यात सापडणार नाही, तरीही ते सर्वांत खरे आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. आपल्याकडे हा विषय १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने बांधलेला आहे. त्याच्या १२ व्या कलमाने देशात येणाऱ्या आणि देशाबाहेर जाणाऱ्या मालावर शुल्क बसते. ते भरायचे कोणी? आयातीच्या बाबतीत आयातदाराने. आणि आयातदार म्हणजे कोण, याची व्याख्या दुसऱ्या कलमात आहे: माल देशात आल्यापासून तो देशांतर्गत वापरासाठी सोडवला जाईपर्यंतच्या काळात त्या मालाचा जो मालक असेल तो, त्या मालावर ज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण असेल तो लाभधारक मालक, किंवा ‘मी आयातदार आहे’ असे जो स्वतःहून पुढे येऊन सांगेल तो. यांतील ‘लाभधारक मालक’ हे शब्द २०१७ च्या वित्त कायद्याने घातले गेले. ते का घालावे लागले, हे पुढे येईलच.

मालाची विक्री करणारा विदेशी व्यापारी या व्याख्येत कुठेही बसत नाही. तो आपल्या देशात आहे तरी कुठे, की आपले सरकार त्याच्याकडे वसुलीला जाईल? जगातील बहुतेक सर्व देशांत तत्त्व हेच आहे. शुल्क हे माल ज्या देशात प्रवेश करतो त्या देशाचे, आणि देणे त्या देशात माल आणणाऱ्याचे. म्हणून एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष व्यासपीठावरून ‘आम्ही अमुक देशावर इतके शुल्क लादले, तो देश ते भरील’ असे सांगतो, तेव्हा तो राजकारण बोलत असतो. बंदरावरचा कागद काही वेगळेच बोलतो. त्या कागदावर त्याच्याच देशातील आयातदाराचे नाव असते आणि पैसे त्याच आयातदाराच्या खात्यातून जातात.

मग करारात काय लिहिले आहे, याला काहीच अर्थ नाही काय? अर्थ आहे, परंतु तो विकणारा आणि विकत घेणारा या दोघांपुरता. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ साली व्यापारातील जबाबदाऱ्यांची काही ठरावीक सूत्रे तयार केली. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. २०२० च्या आवृत्तीत अशी अकरा सूत्रे आहेत. ‘एफओबी’ म्हटले की विकणाऱ्याने निर्यातीचे सोपस्कार आटोपून माल जहाजावर चढवून द्यायचा, पुढचे सगळे घेणाऱ्याचे. ‘सीआयएफ’ म्हटले की विमा आणि भाडेही विकणाऱ्याने भरायचे, परंतु उतरल्या ठिकाणचे आयातशुल्क घेणाऱ्याचे. या अकरांपैकी दहा सूत्रांत आयातशुल्क घेणाऱ्याकडेच राहते. फक्त एका सूत्रात, ज्याला ‘डीडीपी’ म्हणतात, ते विकणाऱ्याच्या गळ्यात पडते. ‘शुल्कासह घरपोच’ असा त्याचा अर्थ.

ही तीन अक्षरे किती महाग पडू शकतात, याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, नंदुरबार-शहादा भागातील एका होतकरू तरुणाने आपली मिरची पूड परदेशी पाठवायचे मनावर घेतले. अमेरिकेतील ग्राहकाने जून २०२५ मध्ये दहा लाख रुपयांच्या मालाची मागणी नोंदवली आणि ‘घरपोच भाव सांगा, शुल्काचे तुम्हीच पाहा’ अशी गोड विनंती केली. त्या वेळी तेथील वाढीव शुल्क दहा टक्के, म्हणजे लाखभर रुपये. तरुणाने तो लाख भावात मिळवून डीडीपीवर सही केली. न्हावा-शेव्याहून माल निघून सप्टेंबरच्या अखेरीस तेथे पोहोचेपर्यंत ७ ऑगस्टचे पंचवीस आणि २७ ऑगस्टचे आणखी पंचवीस असे पन्नास टक्के शुल्क लागू झालेले. लाखाचे पाच लाख झाले. आता तो ग्राहकाला म्हणणार, ‘साहेब, हे कुणाला ठाऊक होते?’ ग्राहक करारपत्र पुढे करणार. त्याचे काहीही चुकलेले नाही. मालाला नफा दोन लाखांचा, आणि भुर्दंड चार लाखांचा. मुंबई-पुण्यातील मोठ्या निर्यातदारांकडे असे कलम वाचणारे वकील पगारावर असतात. शहाद्याच्या तरुणाकडे नसतात.

याच काळात आपल्या टपाल खात्यालाही हा प्रश्न सोडवावा लागला, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. आठशे डॉलरपर्यंतच्या लहान पार्सलांना अमेरिकेत शुल्क माफ असे. ती माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली. शुल्क आकारायचे हे ठरले, पण गोळा कोणी करायचे आणि भरायचे कोणी, याची व्यवस्था तयार नव्हती. परिणामी पत्रे, कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळता भारतीय टपालाला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवावे लागले. ती सेवा पूर्ववत सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि ती कशी? पाठवणाऱ्यानेच घोषित किमतीच्या पन्नास टक्के रक्कम इथल्या टपाल कचेरीत आगाऊ भरायची. म्हणजे डीडीपीच. मुलीला दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या आईला भेटवस्तूची सवलत होती, परंतु हातमागाच्या चार साड्या किंवा वारली चित्रे विकून पोट भरणाऱ्या कारागिराला ती नव्हती. दीड-दोन महिने हजारो लहान विक्रेत्यांचा व्यापार ठप्प झाला, तो शुल्क जास्त होते म्हणून झाला असे म्हणणे अपुरे आहे. शुल्क भरणारा कोण, हे ठरले नव्हते म्हणूनही तो झाला.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा असता, तर या पृष्ठांवर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. जकात कोणाकडून घ्यायची आणि कोणाला सोडायची, हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा विषय आहे, आणि आपल्या इतिहासाने तो फार मोठी किंमत मोजून शिकवला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना जे पत्र पाठवले, त्यात पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा आहे. कारण स्पष्ट होते. बारदेशचे मीठ स्वस्त पडले, तर व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठागरे ओस पडतील. महाराजांनी जकात पोर्तुगिजांकडे मागितली नाही. ते मीठ जो व्यापारी स्वराज्यात आणील, त्याच्याकडून ती घेण्याची तजवीज केली. आजच्या कायद्यातील ‘आयातदार’ तो हाच. आणि त्या जकातीचा लाभ कोणाला व्हायचा, हेही महाराजांच्या मनात निश्चित होते: किनाऱ्यावरच्या स्वतःच्या मीठ पिकवणाऱ्या रयतेला.

त्याच काळात तापीच्या मुखाशी, सुरतेच्या बंदरात काय चालले होते? खानदेशचा माल तिकडूनच समुद्रापार जाई. औरंगजेबाने १६६५ साली मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्याला पाच टक्के असा जकातीचा भेद केला, आणि दोन वर्षांनी मुसलमानांना ती पूर्णच माफ केली. माल तोच, बंदर तेच, जकात मात्र माणसाचा धर्म पाहून. या अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी. खाफीखान लिहितो की, ही सवलत मिळताच हिंदूंचा माल मुसलमानांच्या नावावर बंदरातून निघू लागला आणि सरकारचे उत्पन्न बुडू लागले, तेव्हा जकात पुन्हा बसवावी लागली. माल एकाचा, नाव दुसऱ्याचे. ज्या राज्यात जकात नावाला लागते, तेथे नाव भाड्याने मिळू लागते.

पुढे १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये वर्षाकाठी तीन हजार रुपये आणि सुरतेत दहा हजार रुपये घेऊन जकातमाफी दिली. कंपनीच्या नोकरांनी या माफीचे दस्तक स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी वापरलेच, शिवाय ते इतर व्यापाऱ्यांना विकलेही. स्वदेशातील व्यापारी जकात भरतो आणि सातासमुद्रापारचा व्यापारी मोकळा सुटतो, अशी ती उलटी रीत. बंगालचा नवाब मीर कासीम याने अखेर चिडून सर्वांचीच अंतर्गत जकात माफ केली, म्हणजे निदान सगळे एका पातळीवर येतील. कंपनीला सगळे एका पातळीवर आलेले सहन झाले नाही. १७६३ मध्ये युद्ध सुरू झाले, १७६४ मध्ये बक्सार झाले, आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी इंग्रजांच्या हाती गेली. एका देशाचे स्वातंत्र्य जाण्याच्या कारणपरंपरेत जकातनाक्यावरचा एक कागद आहे.

कापसाची गोष्ट तर आपल्या अगदी घरची. १८९६ साली इंग्रज सरकारने लँकेशायरच्या कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवले आणि त्याचा लाभ भारतीय गिरण्यांना होऊ नये म्हणून येथे विणलेल्या गिरणीच्या कापडावरही नेमका साडेतीन टक्केच उत्पादनकर बसवला. जळगावची खानदेश मिल १८७४ पासून उभी होती. तिच्या मागावर खानदेशी कापसाचे कापड निघे, ते खानदेशातच विकले जाई, त्याचा समुद्राशी संबंध नव्हता. तरीही मँचेस्टरच्या गिरणीवाल्याच्या शुल्काची बरोबरी करण्यासाठी तिने कर भरायचा! लोकमान्यांच्या पिढीने या कराविरुद्ध आवाज उठवला, स्वदेशीच्या चळवळीला त्याने धार आली, आणि तरीही तो जायला १९२५ साल उजाडावे लागले.

नाव भाड्याने देण्याचा जो प्रकार खाफीखानाने लिहून ठेवला, तो आज संपलेला आहे, असे समजू नये. परदेशाशी व्यापार करायचा तर आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, घ्यावा लागतो. तो मिळणे आता फार सोपे झाले आहे आणि ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या अनेक प्रकरणांत असे उघड झाले आहे की, कंटेनर ज्याच्या नावावर आला तो माणूस कोणाचा तरी वाहनचालक, कार्यालयातला शिपाई किंवा गावाकडचा बेकार तरुण निघाला. त्याने महिना काही हजार रुपयांच्या आशेने कागदांवर सह्या केल्या होत्या. मालाचा खरा धनी पडद्याआड. मालाची किंमत कमी दाखवली जाते किंवा एका मालाच्या नावाखाली दुसराच माल येतो, आणि लबाडी पकडली गेली की नोटीस येते ती आयईसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात.

या नोटिशीचे वजन किती असते, ते ठाऊक हवे. २०११ पासून आपल्याकडे स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे. माल कोणत्या वर्गात बसतो, त्याची किंमत काय आणि शुल्क किती, हे आयातदाराने स्वतः प्रवेशपत्रात लिहायचे. चुकले तर तो त्याचा दोष. साधी चूक असेल तर दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुली होते. संगनमत, खोटे निवेदन किंवा लपवाछपवी असेल तर पाच वर्षांपर्यंत. त्यावर व्याज, आणि कलम ११४-अ अन्वये बुडवलेल्या शुल्काइतकाच दंड. एक कोटीचे शुल्क बुडाले असेल, तर महिना पाच हजारांवर सही करणाऱ्या तरुणाच्या नावावर व्याज सोडूनच दोन कोटींचे देणे उभे राहते. ‘मला काही माहीत नव्हते, एजंटाने सगळे केले’ ही सबब टिकणे कठीण. कलम १४७ नुसार एजंटाने धन्याच्या वतीने केलेले काम हे धन्यानेच केले असे मानले जाते. एजंटाकडे वसुली जाते ती त्याचा हेतुपुरस्सर दोष, हयगय किंवा कसूर असेल तेव्हा, अथवा धन्याकडून वसुली होणे शक्य नाही असे अधिकाऱ्याचे मत झाले तर.

२०१७ मध्ये व्याख्येत ‘लाभधारक मालक’ हे शब्द आले ते याचसाठी. कागदावरच्या नावाआडचा माणूस पकडण्याचे हत्यार आता राज्याच्या हाती आहे. ते पुरेसे चालवले जाते काय? येथे शंका घेण्यास जागा आहे. पडद्याआडचा धनी शोधायला वेळ लागतो, पुरावा लागतो. ज्याच्या नावावर क्रमांक आहे तो मात्र आयताच सापडतो. मोठे आयातदार असले म्हणजे प्रकरण वेगळ्या वळणाने जाते. स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला सप्टेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरच्या शुल्काची नोटीस मिळाली. जवळपास संपूर्ण मोटारी सुट्या भागांच्या स्वरूपात आणून कमी दराने शुल्क भरले, असा सीमाशुल्क खात्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयात नोटिशीला आव्हान दिले. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आणि दाद मागणे हा कंपनीचा अधिकारच आहे. परंतु जो अधिकार विधिज्ञांची फौज उभी करून वापरता येतो, तो तळोद्याच्या एका सह्याजीरावाला केवळ पुस्तकात उपलब्ध असतो. सह्याजीराव हा शब्द कठोर वाटेल. त्या मुलांविषयी राग नाही, त्यांना सह्या करायला लावणाऱ्यांविषयी आहे.

आता प्रकाशाच्या काट्यावर परत येऊ. तिसऱ्या माणसाचे उत्तर अजून तपासायचे आहे.

शुल्क कायद्याने भरणारा एक आणि त्याचा भार सोसणारा दुसरा, हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे. चुकीने जास्त घेतलेले शुल्क परत करायची वेळ आली, तर सरकार आयातदाराला विचारते: हा भार तू मालाच्या किमतीत घालून पुढे ढकलला होतास काय? ढकलला असेल, तर परतावा त्याला मिळत नाही, तो ग्राहक कल्याण निधीत जातो. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९९६ मध्ये या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे शुल्काचा भार पुढे, ग्राहकाकडे सरकतो, हे कायद्याने पाहिले आहे. तो मागे, उत्पादकाकडेही सरकतो, हे मात्र कायद्याने पाहिलेले नाही.

महाराष्ट्राने हे कांद्याच्या बाबतीत भोगले. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ते कायद्याने निर्यातदाराने भरायचे होते, आणि त्याने भरलेही. पण दुबईचा किंवा कोलंबोचा ग्राहक ४० टक्के जास्त देणार नव्हता. निर्यातदाराने बाजार समितीत बोलीच तितकी खाली आणली. शुल्काच्या पावतीवर निर्यातदाराचे नाव होते, पैसा लासलगाव-साक्रीच्या शेतकऱ्याचा होता. पुढे निर्यातबंदी आली, बंदी उठून पुन्हा शुल्क आले, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी संपले. मध्यंतरीच्या भावाचा फरक शेतकऱ्याला कोण परत करणार? त्याच्याजवळ पावतीच नाही.

कापसाचे गणित याहून गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक मासलेवाईक आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर पाच टक्के मूळ सीमाशुल्क आणि पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर बसवण्यात आला. त्या दोहोंवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार धरून एकूण ११ टक्के होतात. शुल्क भरणारी गिरणी. त्यामुळे विदेशी कापूस तेवढा महाग पडतो आणि देशी कापसाला तेवढा आधार मिळतो. महाराजांच्या मिठाच्या जकातीचेच हे तत्त्व. एप्रिल ते ऑक्टोबर २०२२ या काळात शुल्क उठले होते, पण तेव्हा कापसाच्या भावाने उच्चांक गाठलेला होता आणि सूट सुरू होईपर्यंत शेतकऱ्याच्या घरातला बहुतेक कापूस विकून झाला होता. २०२५ मधली गोष्ट अशी नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने पन्नास टक्के शुल्क लावले. कायद्याने ते अमेरिकी आयातदाराने भरायचे. त्याने तिरुपूर, लुधियाना आणि मुंबईच्या वस्त्र निर्यातदाराकडे सूट मागितली: ‘भार आपण वाटून घेऊ.’ निर्यातदाराने सूट दिली, कारण मागणी बांगलादेश-व्हिएतनामकडे वळण्याची धास्ती होती. मग तो सरकारकडे गेला: ‘आमचा कच्चा माल तरी स्वस्त करा.’ सरकारने कापसाचे ११ टक्के काढले. भारतीय कापूस महामंडळाने आपल्या साठ्यातील गाठींचे विक्रीदर कमी केले. व्यापाऱ्याने खेडा खरेदीचा भाव पाडला. आणि प्रकाशाच्या शेतकऱ्याने काट्यावर उभे राहून तो भाव घेतला, कारण वेचणीची मजुरी द्यायची होती आणि पुढे रब्बीचे बियाणे घ्यायचे होते. ही साखळी एका दमात वाचली, तर अमेरिकेच्या तिजोरीत गेलेल्या जकातीतील काही वाटा तापीकाठच्या कापूस उत्पादकाने भरला, हे मान्य करावे लागते. त्याचे नाव कोणत्याही प्रवेशपत्रावर नाही. डीडीपीच्या करारावर त्याने सहीही केलेली नाही.

वस्त्रोद्योगाची बाजू खोटी नव्हती. लाखो कामगारांचा रोजगार त्यावर अवलंबून आहे, त्यांत खानदेशातून सुरतेला गेलेली कुटुंबेही आहेत. प्रश्न असा, की त्या उद्योगाला दिलेला आधार कापूस उत्पादकाच्या हिश्शातूनच का द्यावा? तो निर्यातदाराला व्याजसवलत देऊन, परताव्याची योजना वाढवून, थेट अर्थसंकल्पातून देता आला असता. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून हे बोलू नये, असे कोणी म्हणेल, तर दत्तोपंत ठेंगडींनी १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंचाची उभारणी केली ती गप्प बसण्यासाठी नव्हती, आणि पुढे स्वकीयांचे सरकार असतानाही ते गप्प बसले नाहीत, याची आठवण द्यावी लागेल.

हमीभावाचे उत्तर दिले जाईल. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, हे खरे. ते मिळण्यासाठी नोंदणी हवी, ओलाव्याचे प्रमाण बसायला हवे, आणि केंद्राच्या रांगेत थांबण्याइतके पैसे घरात हवेत. ज्याच्याकडे ते नसतात तो खेडा खरेदीला जातो, आणि भाव पडल्याचा पहिला फटका त्यालाच बसतो. शिवाय सूट दिली तेव्हा त्या ११ टक्क्यांतील पाच टक्क्यांचा उपकरही गेला. तो उपकर शेतीच्या पायाभूत सुविधांसाठी आहे, हे त्याच्या नावातच लिहिलेले आहे. चार महिन्यांत त्या खात्यात जे आले नाही, त्याची भरपाई अन्य कोणत्या शीर्षातून करावी, असा आग्रह संसदेत आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी धरायला हवा होता.

यापुढे निदान दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. कापसाच्या आयातशुल्कात जो काही बदल करायचा असेल, तो पेरणीपूर्वी, मे महिन्याच्या आत जाहीर करावा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. मग कापूस लावायचा की मका, हे शेतकरी आपल्या जबाबदारीवर ठरवील. दुसरी गोष्ट लहान निर्यातदारांची. शेतकरी उत्पादक कंपन्यांना अनुदान देताना, मेळावे भरवताना आणि ‘निर्यात करा’ असा उपदेश करताना, परदेशी ग्राहकाच्या कराराचा मसुदा वाचून सांगणारा एक जाणकार माणूस नंदुरबारच्या जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी बसावा. फार काही नको. डीडीपी कोठे लिहिले आहे त्याभोवती त्याने लाल रेघ ओढली आणि कोणाला आपला आयईसी वापरू देणाऱ्या मुलाला कलम ११४-अ मराठीत वाचून दाखवले, तरी पुष्कळ झाले.

आयातशुल्काची ती सूट ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. तोपर्यंत प्रकाशाच्या परिसरातील पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीचा कापूस जिनिंगमध्ये जाऊन गाठी झालेला होता.